केळीच्या वखारीसाठी मोबाइल-सूचना : साधनांची निवड कशी झाली

सावदा-फैजपूर रस्त्यालगत आमच्या काकांची केळी पिकवण्याची वखार आहे. पूर्वी तिथे बंद खोलीत धुरी देऊन घड पिकवत असत. आता त्याच जागी तापमान राखणारी दोन रायपनिंग चेंबर उभी आहेत. रावेर-यावल पट्ट्यातून उत्तरेकडे जाणारा बहुतेक माल कच्चाच गाडीत भरला जातो. आमच्याकडे पिकतो तो जळगाव, भुसावळ आणि धुळे इथल्या बाजारांसाठीचा. मी भुसावळला राहून वखारीचे हिशेब आणि संगणकाचे काम पाहतो. त्यामुळे चेंबरमध्ये काही बिघडले की ते मोबाइलवर आपोआप कळावे, अशी सोय उभी करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. अशा सूचना पाठवणारी साधने आज इतकी उपलब्ध आहेत की जोडणीपेक्षा निवडीलाच जास्त वेळ लागला. त्या निवडीत काय पाहिले, काय नाकारले आणि का, हे इथे लिहून ठेवतो आहे. केळीऐवजी दूध शीतकरण केंद्र असो की कुक्कुटपालनाची शेड, प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात.

साधनांकडे वळण्याआधी चेंबरची गरज सांगायला हवी, कारण पुढचे बरेचसे निर्णय तिच्यातूनच निघाले. केळी पिकवताना बंद चेंबरमध्ये इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सुमारे १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) इतका साधारण एक दिवस ठेवतात आणि गराचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. कॅल्शियम कार्बाइड वापरायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे इथिलीन हाच रीतसर मार्ग आहे. पिकणे एकदा सुरू झाले की फळ स्वतःच उष्णता बाहेर टाकू लागते. अशा वेळी चेंबर थंड ठेवणारा कॉम्प्रेसर बंद पडला तर बाहेरच्या उकाड्याची वाट न पाहता क्रेटच्या थप्पीचे तापमान आतूनच चढू लागते. गर २४ अंशांच्या वर बराच वेळ राहिला तर केळी आतून मऊ पडते, पण साल पुरती पिवळी होत नाही आणि असा माल बाजारात कोणी हातात धरत नाही. उलट बाजूने, कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटून कॉम्प्रेसर चालूच राहिला आणि तापमान १३ अंशांखाली गेले, तर साल राखाडी पडून निस्तेज होते. म्हणजे धोका दोन्ही बाजूंनी आहे आणि तो लक्षात आल्यापासून काही करण्यासाठी हाताशी दोन-तीन तासांहून जास्त वेळ नसतो. जनरेटर आहे, पण तो हाताने सुरू करावा लागतो. रात्रीच्या राखणदाराला वेळेवर जाग आली आणि त्याने तो सुरू केला, तर सगळे ठीक.

आजवरची सोय अशी होती की राखणदार काकांना फोन लावून "भाऊ, लाईट गयी" एवढे सांगायचा आणि काका पुढचे पाहायचे. या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती : वीज असताना जे बिघडते ते त्याला दिसत नव्हते. थ्री-फेज जोडणीतला एक फेज गेला की संरक्षक रिले कॉम्प्रेसरची मोटर बंद करतो, पण वखारीतले दिवे ज्या फेजवर आहेत तो शाबूत असेल तर दिवे लखलखीत जळत राहतात. बाहेर बसलेल्या माणसाला सर्व काही सुरळीत वाटते आणि आत माल तापत असतो. त्यामुळे विजेवर पहारा ठेवणे पुरेसे नव्हते. पहारा तापमानावरच ठेवणे भाग होते.

मापनाची बाजू मी थोडक्यात उरकतो, कारण ती अवघड नाही. इंटरनेटला थेट जोडता येणारे ईएसपी-३२ हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि त्याला डीएस१८बी२० जातीचे जलरोधक तापमान-संवेदक एवढ्यावर काम भागते. या संवेदकाची अचूकता उणे १० ते ८५ अंशांच्या टप्प्यात अर्ध्या अंशापर्यंतची असते आणि ती आम्हाला पुरेशी आहे. प्रत्येक चेंबरमध्ये एक संवेदक हवेत टांगला आणि एक थप्पीच्या मध्यावरच्या क्रेटमधील केळ्याच्या गरात खोचला. हवेचे तापमान दार उघडले तरी बदलते, गराचे सहज बदलत नाही. म्हणून रात्री कोणाला उठवायचे की नाही हे गराच्या आकड्यावर ठरवायचे, असा नियम केला.

साधनांची चाचपणी सुरू करताना मी काकांना विचारले की सूचना कशी यावी असे त्यांना वाटते. त्यांचे उत्तर असे होते : "ते ॲप-बिप तुझं तू बघ. मला फोन वाजला पाहिजे, आणि मी उचलेपर्यंत वाजत राहिला पाहिजे." पुढे कितीतरी तांत्रिक तक्ते वाचले, पण यापेक्षा नेमकी कसोटी मला कुठे मिळाली नाही. काकांकडे स्मार्टफोन आहे. राखणदाराकडे मात्र साधा बटणांचा फोन आहे आणि तो बदलण्याची त्याची इच्छा नाही. ही गोष्टही हिशेबात धरावी लागली.

पहिला विचार मोबाइल स्टार्टरचा आला, कारण ते यंत्र आपल्याकडे शेतोशेती आहे. कृषी फीडरवर थ्री-फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, म्हणून विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड घातलेला स्टार्टर बसवतात. वीज आली की तो शेतकऱ्याला फोन करतो आणि शेतकरी घरूनच पंप सुरू करतो. फोन उचलला नाही तरी निरोप पोचतो आणि पैसेही लागत नाहीत. या पद्धतीची दोन बलस्थाने मला नंतरच्या कोणत्याही आधुनिक साधनात एकत्र सापडली नाहीत : तिला इंटरनेट लागत नाही आणि ती बटणांच्या फोनवर चालते. मर्यादाही स्पष्ट आहेत. वाजणारा फोन 'काहीतरी झाले' एवढेच सांगतो, कोणत्या चेंबरमध्ये आणि किती, हे सांगत नाही. शिवाय स्वस्तातली अनेक यंत्रे फक्त टू-जी जाळ्यावर चालतात आणि जिओसारख्या सेवेत टू-जी मुळातच नाही, त्यामुळे सिम निवडताना आधी हे पाहावे लागते. सिम वापरात राहण्यासाठी रिचार्जची मुदतही सांभाळावी लागते. तरीही हे साधन मी यादीतून काढले नाही. राखणदारासाठी ते राखून ठेवले.

दुसरा विचार एसएमएसचा. संगणकावरून एसएमएस पाठवणाऱ्या सेवा भरपूर आहेत आणि दर एसएमएसमागे काही पैसेच घेतात. पण भारतात अशा मार्गाने एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नावाच्या व्यवस्थेत नोंदणी करावी लागते. आधी व्यवसायाची नोंद, मग पाठवणाऱ्याचे नाव म्हणून दिसणारे शीर्षक मंजूर करून घेणे, आणि त्यानंतर प्रत्येक मजकुराचा साचा मंजूर करून घेणे. साच्यात बदलते आकडे कुठे येणार तेही आधी सांगायचे असते. नको असलेल्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी ही व्यवस्था आवश्यकच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरातल्या दोन-तीन फोनांना निरोप देण्यासाठी एवढा खटाटोप करणे मला पटले नाही. आणखी एक बाब मराठीत लिहिणाऱ्यांना ठाऊक असावी : रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत मात्र ७०. निरोप थोडा लांबला की एकाचे दोन एसएमएस होतात आणि पैसेही दुप्पट लागतात. ज्यांना शेकडो सभासदांना दूध-दराची सूचना द्यायची आहे अशा संस्थेने ही नोंदणी जरूर करावी. आमचे काम वेगळे होते.

ई-मेलवर मी फार वेळ घालवला नाही. जीमेलवरून यंत्राने पत्र पाठवायचे तर दुपदरी पडताळणी सुरू करून ॲप-पासवर्ड घ्यावा लागतो आणि तेवढे केले की काम चालते. पण मध्यरात्री ई-मेल आला म्हणून आमच्या घरात कोणी उठल्याचे उदाहरण नाही. महिन्याचा तापमान-तक्ता पाठवण्यापुरता हा मार्ग ठेवला.

व्हॉट्सॲपबद्दल मात्र प्रत्येकाने सुचवले, कारण ते प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. त्याचा अधिकृत मार्ग व्यवसायांसाठीच्या सशुल्क सेवेतून जातो. तिथेही आपणहून पाठवायच्या निरोपांचे साचे मंजूर करून घ्यावे लागतात. अनधिकृत मार्ग असा की आपल्याच क्रमांकाचे व्हॉट्सॲप संगणकावरून एखाद्या प्रोग्रॅमकडून चालवून घ्यायचे. हे सेवेच्या अटींविरुद्ध आहे आणि त्यात क्रमांकावर बंदी येऊ शकते. काकांच्या त्या क्रमांकावर वर्षानुवर्षांचे व्यापारी आहेत, मालाचे फोटो आणि भाव त्यावरच ठरतात. तापमान कळावे म्हणून तो क्रमांक पणाला लावण्यात काहीच शहाणपण नव्हते.

उरले ते इंटरनेटवरून ॲपमध्ये थेट येणाऱ्या सूचनांचे मार्ग. इथे एक गोष्ट आधी समजून घेतल्याने माझा पुढचा बराच गोंधळ टळला. ॲप कोणतेही असो, अँड्रॉइड फोनवर बहुतेक सूचना गूगलच्या फायरबेस क्लाउड मेसेजिंग या एकाच वाहिनीतून येतात आणि आयफोनवर त्या ॲपलच्या वाहिनीतून येतात. ॲपलची ही सोय २००९ पासून आहे. गूगलची २०१० मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली आणि २०१६ पासून फायरबेस म्हणून ओळखली जाते. प्रत्येक ॲपने आपापली जोडणी सतत उघडी ठेवली तर बॅटरी टिकणार नाही, म्हणून सगळ्यांचे निरोप एका सामाईक वाहिनीने आणण्याची ही रचना आहे. त्याचा अर्थ असा की दोन ॲप ठेवली म्हणजे दोन स्वतंत्र मार्ग झाले असे नाही. फोनचा डेटा बंद असेल तर दोन्ही गप्प बसतात. खरा दुसरा मार्ग हवा असेल तर तो इंटरनेटच्या बाहेरचाच हवा आणि तो आमच्याकडे मोबाइल स्टार्टरच्या रूपाने होता.

टेलिग्रामपासून सुरुवात केली. तिथे बॉटफादर नावाच्या खात्याशी बोलून काही मिनिटांत आपला बॉट, म्हणजे प्रोग्रॅमकडून चालणारे खाते, तयार करता येतो. तो एक गुप्त टोकन देतो आणि ते टोकन वापरून एका साध्या वेबपत्त्यावर मजकूर पाठवला की निरोप फोनवर हजर होतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत, देवनागरी नीट दिसते, एका निरोपात ४,०९६ अक्षरांपर्यंत मजकूर मावतो आणि जुने निरोप क्रमाने साठलेले राहतात. काका, माझा चुलतभाऊ आणि मी असा गट करून त्यात बॉटला घेतले. निरोप आवाज न करता पाठवण्याचीही सोय असल्याने रोज सकाळचा अहवाल शांतपणे येऊ लागला. चुलतभाऊ तर त्या बॉटला उलट प्रश्न विचारू लागला, कारण बॉटकडून उत्तर मिळवण्याचीही सोय करता येते. पण काकांच्या कसोटीवर टेलिग्राम उतरले नाही. निरोप आला की फोन एकदा टिंग करतो आणि गप्प होतो. झोपलेल्या माणसाला त्याने जाग येत नाही. आपला प्रोग्रॅम दर मिनिटाला तोच निरोप पुन्हा पाठवू शकतो हे खरे, पण मग कोणी पाहिला आणि कधी थांबायचे, हे सगळे आपणच लिहून काढावे लागते.

त्यानंतर एन-टी-एफ-वाय हे साधन पाहिले; त्याचा उच्चार नोटिफाय असा करतात. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्रॅम सर्वांना खुला आहे, आणि त्याचा साधेपणा मला अजूनही आवडतो. खाते उघडायला नको, टोकन नको. आपल्या पसंतीचे एक विषय-नाम ठरवायचे, त्या नावाच्या पत्त्यावर मजकूर पाठवायचा आणि फोनमधल्या ॲपमध्ये त्याच नावाची वर्गणी घ्यायची. मात्र याच साधेपणात त्याची जोखीमही आहे. सार्वजनिक सर्व्हरवर ते नाव ज्याला ठाऊक असेल तो आपले निरोप वाचू शकतो आणि आपल्या नावाने खोटा निरोप पाठवूही शकतो. म्हणून 'केळी' किंवा 'सावदा' असले नाव न घेता, कोणाला सुचणार नाही असे लांबलचक नाव घ्यावे लागते. म्हणजेच ते नाव पासवर्डासारखे जपावे लागते. निरोपाला १ ते ५ असे प्राधान्य देता येते आणि अँड्रॉइडवर सर्वोच्च प्राधान्याचा निरोप बंद करेपर्यंत वाजत राहील अशी मांडणी ॲपमध्ये करता येते. स्वतःच्या सर्व्हरवरही ते चालवता येते. ज्याला सर्व्हर सांभाळण्याची सवय आहे त्याने याच साधनापासून सुरुवात करावी असे मी सांगेन. मला तो सर्व्हर आणखी एक राखण्याची वस्तू वाटला. वखारीत आधीच राखायला पुष्कळ आहे.

शेवटी काकांच्या अटीला अक्षरशः उतरले ते पुशओव्हर. ते सशुल्क आहे, पण मासिक वर्गणी नाही. ३० दिवस वापरून पाहता येते आणि नंतर अँड्रॉइड किंवा आयफोन अशा प्रत्येक प्रकारासाठी एकदाच सुमारे पाच डॉलर द्यावे लागतात. महिन्याला १०,००० निरोपांची मर्यादा आहे. आम्हाला ती कधी आठवावी लागेल असे वाटत नाही. त्यातले आणीबाणीचे प्राधान्य हे निवडीचे खरे कारण ठरले. तसा निरोप पाठवताना तो किती सेकंदांनी पुन्हा वाजवायचा आणि किती वेळाने थांबवायचा हे सांगावे लागते. किमान अंतर ३० सेकंदांचे आहे आणि जास्तीत जास्त मुदत १०,८०० सेकंद, म्हणजे तीन तास. माणसाने निरोप उघडून 'पाहिला' असे कळवले की वाजणे थांबते आणि तो कधी पाहिला याची पोचही आपल्या यंत्राला मागता येते. ही पोच मला सर्वांत मोलाची वाटते. रात्री निरोप गेला, पण पोच आली नाही, तर आमचे यंत्र १० मिनिटांनंतर चुलतभावाला उठवते. कोण जागे झाले हे यंत्राला कळत असल्यामुळे तिघांचीही झोप एकाच वेळी मोडत नाही.

साधन ठरले तरी फोन ऐकेलच असे नाही आणि या भागात अपेक्षेपेक्षा जास्त काम निघाले. अँड्रॉइडमध्ये सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, डोझ नावाची व्यवस्था आहे. फोन हालचाल न होता पडून राहिला की ती पार्श्वभूमीतली कामे रोखून धरते. तातडीचा म्हणून पाठवलेला निरोप तिच्यातूनही पार होतो, पण काही फोन बनवणाऱ्यांनी त्यावर स्वतःची बॅटरी-बचतीची व्यवस्था चढवलेली असते आणि ती ॲपच बंद करून टाकते. काकांचा फोन त्यातलाच निघाला. बॅटरीच्या विभागात या ॲपवर निर्बंध नको असे ठरवणे, ऑटोस्टार्टला परवानगी देणे, अलीकडच्या ॲपांच्या यादीत त्याला कुलूप लावणे आणि 'व्यत्यय नको' या स्थितीतही आवाज येऊ देणे, अशा चार वेगवेगळ्या ठिकाणच्या परवानग्या द्याव्या लागल्या. अँड्रॉइड १३ पासून तर सूचना दाखवण्याचीच परवानगी ॲपला मागावी लागते. ती पहिल्याच वेळी नाकारली गेली असेल तर बाकी सगळे जोडलेले असूनही काही येत नाही. घरातल्या ज्येष्ठांना अशी सोय करून देणाऱ्याने हे काम त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच फोनवर करावे. सांगून होत नाही.

आता या सगळ्यातला जो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. साधनांच्या तुलनेत सगळेजण निरोप किती लवकर येतो ते पाहतात. पण वखारीत वीज गेली की राउटर बंद पडतो, राउटर बंद पडला की यंत्राचे इंटरनेट जाते आणि ज्या क्षणी निरोपाची गरज आहे नेमक्या त्याच क्षणी निरोप पाठवणारा मुका होतो. मे-जूनमध्ये वादळी पावसात केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा विजेच्या ताराही तुटतात. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आमच्या भागातल्या गच्च्यांवरून दिसत असल्या तरी तुटलेल्या तारेपुढे त्यांचा काय उपयोग? यंत्राला आणि राउटरला छोटा यूपीएस जोडला, पण फायबरची पुढची पेटीही कुठेतरी विजेवरच चालते आणि तिची बॅटरी किती तग धरेल हे आपल्या हातात नसते. त्यामुळे फोन शांत असणे याचे दोन अर्थ होऊ लागले : सर्व ठीक आहे, किंवा सर्व बंद आहे. ज्या व्यवस्थेत हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत ती कितीही चकचकीत असली तरी माझ्या लेखी अपुरी आहे.

यावरचा उपाय म्हणून पहारा उलटा करावा लागतो. हेल्थचेक्स नावाची एक सेवा आहे. तीही मुक्तस्रोत असून २० नोंदींपर्यंत (एक नोंद म्हणजे पहाऱ्याखालचे एक यंत्र किंवा काम) विनामूल्य वापरता येते. आमचे यंत्र दर पाच मिनिटांनी तिला 'मी आहे' एवढी खूण पाठवते. ठरलेली वेळ आणि तिच्याशिवाय जादा दिलेली सवलतीची मुदत उलटूनही खूण आली नाही, तर ती सेवा स्वतःच पुशओव्हरवर आणीबाणीचा निरोप पाठवते. सवलत किती द्यावी यावर मी बराच विचार केला. पाच मिनिटे दिली तर फायबरच्या किरकोळ खोळंब्यालाही फोन वाजणार, तास दिला तर मे महिन्यात माल हातचा जाणार. २० मिनिटांवर स्थिर झालो. ही सेवा वखारीपासून दूर, वेगळ्या विजेवर आणि वेगळ्या जाळ्यावर चालते, हेच तिचे खरे मूल्य आहे. वखारीच्याच संगणकावर बसवलेला पहारेकरी वखारीबरोबरच अंधारात गेला असता.

वखारीत मोबाइल स्टार्टरच्या धर्तीचे सिम असलेले यंत्रही बसवले. ते वीज गेल्याबरोबर राखणदाराच्या बटणांच्या फोनवर तीनदा फोन करते. त्याला आकडे कळण्याची गरज नाही. फोन वाजला की जनरेटर सुरू करायचा, एवढेच त्याचे काम. चेंबरच्या कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर सुटला तरी हाच फोन जातो, त्यामुळे एक फेज गेल्याचा प्रकारही आता दिव्यांमुळे झाकला जात नाही. या जोडणीचे काम मात्र मी वायरमनकडूनच करवून घेतले. ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये हौसेने हात घालण्याच्या मी पूर्णपणे विरुद्ध आहे.

मर्यादा कुठे ठेवायच्या यावर साधनाइतकाच विचार करावा लागतो. नवा माल भरताना, विशेषतः उन्हाळ्यात, फळ बाहेरच्या उष्णतेनेच तापलेले असते आणि ते थंड व्हायला बरेच तास लागतात. त्या काळात २० अंशांची मर्यादा लावली तर यंत्र रात्रभर ओरडत राहील आणि दोन-तीन भरण्यांनंतर घरातले सगळेजण ते बंद करून टाकतील. म्हणून चेंबरच्या दाराशी 'भरणी' असे लिहिलेले एक बटण बसवले. ते दाबले की त्या काळात कमाल मर्यादेऐवजी फक्त तापमान उतरते आहे की नाही एवढेच पाहिले जाते. उतरणे थांबले तरच निरोप जातो. इतर वेळी गर २० अंशांच्या वर किंवा १४ अंशांच्या खाली सलग १५ मिनिटे राहिला तरच आणीबाणी समजायची. एकदा निरोप गेला की तापमान मर्यादेच्या आत पुरते एक अंश येईपर्यंत दुसरा जात नाही. नाहीतर काठावर रेंगाळणाऱ्या आकड्यामुळे दर मिनिटाला 'बिघडले, सुधारले' असा खेळ चालतो. हवेच्या संवेदकाचे चढउतार आणि दार उघडे राहिल्याच्या सूचना टेलिग्रामवर, आवाज न करता जातात. त्या कोणी लगेच वाचल्या नाहीत तरी चालते.

निरोपाचा मजकूरही आम्ही घरात बसून ठरवला. सुरुवातीला यंत्राकडून संवेदकाचा क्रमांक आणि आकडा असे काहीतरी येत असे. ते मला कळायचे, काकांना नाही. आता निरोप असा येतो : "चेंबर २ : गर २१.५ अंश, १५ मिनिटे. कॉम्प्रेसर बंद. जनरेटर पाहा." काय झाले, कुठे झाले आणि आधी काय करायचे, हे फोन न उघडता पडद्यावरच वाचता येते. काकांनी यात एकच सुधारणा सुचवली आणि ती योग्य होती : चेंबरचा क्रमांक आधी यावा, कारण अर्धवट झोपेत माणूस पहिला शब्दच वाचतो.

सगळे जोडून झाल्यावर आम्ही ते मुद्दाम मोडून पाहिले. भरदिवसा मेन स्विच पाडला, नंतर फक्त एक फेज काढला, मग राउटरची वायर उपटली आणि शेवटी यंत्राचीच वीज तोडली. प्रत्येक वेळी कोणता फोन, किती वेळाने आणि कोणत्या शब्दांत वाजतो हे वहीत लिहिले. हीच तपासणी आता दर अमावास्येला, वखार झाडून धुण्याच्या दिवशी होते, कारण त्या दिवशी चेंबर तसेही रिकामे असते. सिमच्या रिचार्जची मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीची आठवणही टेलिग्रामवरच येते, आणि रिचार्जची जबाबदारी चुलतभावाकडे आहे.

चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइड मोजणारा संवेदक बसवण्याचे काम सध्या चालू आहे. पिकणाऱ्या केळीतून हा वायू सतत बाहेर पडतो. तो साठला की पिकणे मंदावते आणि बंद चेंबरमध्ये एकदम शिरणाऱ्या माणसालाही तो घातक ठरू शकतो. चुलतभावाचे म्हणणे असे की ही सूचनाही पुशओव्हरवर जावी. मला ते मान्य नाही, कारण भुसावळला माझ्या उशाशी फोन वाजून फैजपूर रस्त्यावर दाराची कडी काढणाऱ्या हमालाला काही कळणार नाही. त्यामुळे या संवेदकाला इंटरनेटशी न जोडता चेंबरच्या दारावर एक तांबडा दिवा आणि भोंगा जोडायचा, असे काकांनी ठरवले आहे. पुढच्या भरणीच्या आधी वायरमन तेवढे करून देणार आहे.